कोळशाच्या पोटातलं लोखंड

शनिवारी अकोल्याला घरी जायचंच, म्हणून वर्षालीने भट्टीचा पहिला टप्पा घाईने उरकला आणि तिथेच सगळं फिसकटलं.

अमरावतीच्या प्रयोगशाळेत ती वापरत असलेल्या पॉलिमरच्या साखळीचं एक टोक पाण्यात रमणारं, दुसरं पाणी टाळणारं. पाण्यात या साखळ्या आपसूक गोळा होऊन अतिसूक्ष्म गोळे बनत. त्यांना मायसेल म्हणतात. त्यांच्यात लोह धरून ठेवायचं, वाळवायचं, मग हवेत अगदी सावकाश तापवायचं. तेवढ्याने ते पक्के होतात आणि पुढे नायट्रोजनमध्ये त्यांचा कोळसा होतानाही आकार सोडत नाहीत. घाई केली की वितळून एकमेकांत मिसळतात. शेवटी भट्टीतून निघाली ती चकचकीत काळी खपली.

आपण काय बनवतो ते या शनिवारी आणून दाखवते, असं तिने वडिलांना कबूल केलं होतं. तिने त्यांना फोन केला. सूर्यभान बाळापूर रोडला वांगी-कोथिंबीर पिकवायचे. फुप्फुसं थकल्यापासून खाटेवर होते.

"बाबा, बिघडलं. पुढच्या खेपेले आनीन."

"बिघडलेलंच आन ना वं! मी का परीक्षा घेऊन राहिलो तुही?"

"त्यात पाहासारखं काही नाही."

"मंग लोकायले का सांगू? पोरगी अमरावतीले कोळसा पाडते म्हनू?" ते हसले, आणि हसण्याचा खोकला झाला.

रिकाम्या हाताने काय जायचं, म्हणून ती गेलीच नाही. नवी खेप लावली. भट्टी निवत असताना भावाचा, किशोरचा, फोन आला. बाबा गेले होते.

तेरवीनंतर ती परतली तेव्हा खेप उत्तम साधलेली होती. मार्गदर्शकांनी पाठ थोपटली.

पुढच्या शनिवारी तिने घरी त्या खेपेच्या भुकटीची कुपी आईसमोर धरली आणि काचेला बाहेरून चुंबक लावलं. काळी भुकटी काचेवर चढू लागली.

"आवं माय! सरकून राहिलं ना हे!" वच्छलाबाई पुढे वाकल्या.

"कोळशाचे कन हायेत आई. एकेक डोळ्याले दिसत नाही इतके बारीक. अन् त्याइच्या पोटात लोखंड."

एवढंच. फोनवरही सांगता आलं असतं.

वच्छलाबाईंनी चुंबक स्वतः फिरवून पाहिलं. मग विचारलं, "अन् ते बिघडलेलं? ते नसतं का आलं चुंबकाले?"

वर्षालीने कुपी मिटल्या मुठीत घेतली.

"आलं असतं," ती म्हणाली.