नारळाचं पाणी आणि माझा पाय

मी मल्लखांब बोलतोय. म्हणजे बोलायला लावलंय म्हणून बोलतोय. भिसेगावात धाकलूच्या पडवीच्या कोपऱ्यात पडून होतो, बरं चाललं होतं. पण तालमीत नवा गडी आला की धाकलू त्याला आधी माझ्यापुढं आणून बसवतो. माझ्या कुजक्या बुंध्यात हात घालायला लावतो आणि म्हणतो, "ह्याचं आईक, मग त्या नव्या खांबावर चढ." दर वेळी तीच कटकट. माझी शाळा झालेली नाही. माझ्या शेजारच्या झाडाचे शाळेत बाक झाले, काही शिकलं असेल तर ते. मी सांगेन तसं ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही.

खालापूरच्या वरच्या अंगाला डोंगरात मी साग म्हणून वाढलो. पुरता जून व्हायच्या आधीच कुऱ्हाड बसली. बैलगाडीतून कर्जतला आलो, रमजानच्या लाकडाच्या वखारीत. त्यानं मला सुताराकडून तासून घेतलं. खाली जाड, वर निमुळता, मग बारीक मान आणि मानेवर गोल बोंड. माणसासारखी मान मिळाली आणि त्या दिवसापासून माणसासारखी भीतीही मिळाली.

मला न्यायला भिसेगावच्या तालमीचा येसाजी वस्ताद आला. छाती दरवाजाएवढी, आवाज त्याहून मोठा. रमजान त्याला म्हणाला, "वस्ताद, झाड कवळं हाय. आतलं लाकूड लोखंड, पर भाईरचं पांढरं वाळवीला गोड लागतं. लढाईपायी डांबर मिळंना, म्हणून बुंधा जाळून काळा करून देतो. दोन वर्सं निभावंल. म्होरं दर पावसाळा सरला का उपसून पाय बघायचा. इसरू नको."

"बघू की," वस्ताद म्हणाला.

साल बेचाळीस. मला अडीच हात जमिनीत पुरलं. भोवती हौद खणून तांबडी माती घातली, पडणाऱ्याला लागू नये म्हणून. शेंदूर लावला, हार घातला आणि माझ्या पायाशी नारळ फोडला. पाणी माझ्या मुळाशी जिरलं. थंड वाटलं. मला वाटलं, एक दिवसाचं कौतुक असेल.

पण मग दर शनिवारी नारळ. पाणी पायाशी, गूळखोबऱ्याचा चुराही पायाशी. दोन वर्षांत मी खांब राहिलोच नाही, मारुती झालो. बाया बाहेरूनच हात जोडून जायच्या. एकदा रमजान तालमीत डोकावला, पायताण काढून बाहेरच उभा राहिला.

"वस्ताद, पाय बघितला का त्याचा?"

"आरं, देवाला उपटत्यात व्हय?" वस्ताद हसला.

"देव ऱ्हाऊ दे. लाकूड हाय ते."

वस्तादाचं हसू गेलं. रमजान पायताण घालून निघून गेला. त्याच महिन्यात पहिल्यांदा मला खाली काहीतरी चालल्यासारखं वाटलं होतं. बारीक पायांचं. पुष्कळ.

वस्ताद वाईट नव्हता, हेही सांगतो. शिकवायला त्याच्यासारखा माणूस नाही. आलेल्या गड्याला तो महिनाभर वर चढूच द्यायचा नाही. आधी हौदात पडायला शिकवायचा. खांदा कसा चोरायचा, हनुवटी छातीला कशी लावायची. मग अंगाला एरंडेल चोळून नुसतं मला मिठी मारायला लावायचा. मग सलामी, मग अढी. अढी म्हणजे मांड्यांनी मला आवळायचं आणि दोन्ही हात सोडून द्यायचे. एकेक गोष्ट शंभर वेळा. "अंगाला कळलं पायजे, डोक्याला कळून काय उपेग?" असं ओरडायचा.

धाकलू आला तेव्हा विशीचा होता. भाताच्या गिरणीत पोती वाहायचा. अंगात ताकद बैलाची, पण उंचीला भ्यायचा. हात सोडायची वेळ आली की त्याच्या मांड्या थरथरायच्या आणि ती थरथर माझ्या अंगात शिरायची. दोन वर्षं आम्ही दोघं मिळून भ्यालो. हळूहळू त्याच्या मांड्यांना कळलं. एका सकाळी त्यानं हात सोडले आणि सोडलेलेच ठेवले. उतरल्यावर हौदातच बसून तो लहान पोरासारखा रडला. वस्तादानं त्याच्या पाठीत असा रट्टा घातला की आवाज बाहेर गेला. तीच त्याची शाबासकी.

धाकलूची एक खोड होती. चढण्याआधी माझ्या अंगाला गाल लावून क्षणभर उभा राहायचा. कमळ्या नावाचा एक वात्रट गडी होता, तो म्हणायचा, "अंबावहिनीला सांगू काय रं, तिची सवत हितं उभी हाय म्हणून?" सगळे फिदीफिदी हसायचे. धाकलू हसायचा नाही. तो ऐकत असायचा.

शेहेचाळीसच्या पावसाळ्यात त्यानं ऐकलं. तोवर माझा पाय अर्धा गेला होता. वरून मी तेल पिऊन चकचकीत, खाली नुसता भुसा. कुणी उडी मारून मला धरलं की मी आतल्या आत ओरडायचो. ते बाहेर यायचं फक्त एवढंसं 'कुर्र'.

"वस्ताद, खांब हालतोय," धाकलू म्हणाला.

"माती चोपा."

भोवती दगड घालून माती चोपली. आठ दिवसांनी पुन्हा.

"वस्ताद, भाईरून नाय, आतून हालतोय. एकदा उकरून बघू या ना."

दसरा पंधरा दिवसांवर होता. दसऱ्याला खालापूरची तालीम आमच्याकडं येणार, त्यांच्या गड्यांसमोर धाकलू बोंडावर पोटानं तोलून हातपाय पसरणार, हे ठरलेलं. येसाजी वस्ताद सगळ्यांच्या देखत म्हणाला, "खांब नाय हालत, तुझी छाती हालतीय. आधीपासून भित्रा तू. जमत नसंल तर कमळ्याला चढवतो."

धाकलूचा चेहरा उतरला. मी त्या दिवसापासून धड उभा राहू शकलो नाही. मला हिशेब कळत नाही, पण एवढं कळत होतं. बोंडावर माणूस तोलला की सगळं वजन एका बाजूला कलतं. त्या वजनाला माझा पाय टिकणार नव्हता. आणि त्या तोलात पडणारा माणूस डोक्यावर पडतो. तिथं हनुवटी छातीला लावायला वेळ नसतो.

दसऱ्याच्या सकाळी अंबाबाई, म्हणजे धाकलूची बायको, तालमीच्या दारापर्यंत आली. "अवो, रातभर डोळा नाय लागला तुमचा. नाय म्हणून सांगा ना त्यांना."

"नाय म्हटलं तर जल्मभर भित्रा म्हणतील."

"म्हणू द्यात. मला भित्रा चालंल, पांगळा नाय चालणार."

तो तसाच आत आला. ढोल वाजत होता. खालापूरचे गडी ओळीनं बसले होते. वस्तादानं पायाशी नारळ फोडला. ते पाणी आत झिरपलं आणि मला वाटलं, आत्ताच मोडतो. दात असते तर वाजले असते. मी धरून राहिलो, कारण पायाशी वस्तादच वाकला होता.

धाकलूनं एरंडेल चोळलं. गाल लावला. माझ्या अंगाशी कुजबुजला, "बाबा, सांभाळ."

कसं सांभाळू? ताठ उभा राहिलो तर तो वर जाईल, आणि वर गेला तर मेला. खालीच मोडलो तर त्याला थोडं लागेल, पण चार गावांसमोर माझी अब्रू जाईल. मारुतीचा खांब मोडला म्हणतील. लाकडाला अब्रूशिवाय दुसरं असतं काय? मी फार भ्यालो होतो. खोटं कशाला सांगू, अब्रूसाठी पण भ्यालो.

तो धावत आला. सलामीची उडी मारून त्यानं मला छातीनं धरलं. पाय जमिनीपासून दोन हातसुद्धा वर नव्हते. मी अंग सोडून दिलं.

काडकन आवाज झाला. आम्ही दोघं तांबड्या मातीत आडवे. त्यानं खांदा चोरला होता, हनुवटी छातीला होती. वस्तादानंच शिकवलेलं. कोपर सोलपटलं, एवढंच. अंबाबाई धावत आत आली, तालमीत बायांनी यायचं नसतं हे विसरून.

ढोल थांबला. खालापूरचे गडी उठून उभे राहिले. वस्तादाच्या तोंडावरचा रंग गेला होता. मला वाटलं, आता हा खड्ड्यात बघेल, नारळाची कुजलेली शेंडी बघेल, भुशातली पांढरी वाळवी बघेल. त्यानं बघितलंसुद्धा. मी बघितलं त्याला बघताना. मग मान फिरवून पाहुण्यांना मोठ्यानं म्हणाला, "लाकूड खोटं निघालं. आन् ह्यानं भिऊन उडी चुकवली."

धाकलूनं मला खांद्यावर घेतलं, पोतं घेतात तसं, आणि घरी आणलं. तो परत त्या वस्तादाच्या हाताखाली चढला नाही.

ह्याला तीन वर्षं झाली. वस्तादाचे गुडघे गेले, आता शिकवतो धाकलू. नवा खांब रमजाननंच दिला, डांबर लावून. पावसाळा सरला की धाकलू तो उपसतो, पाय बघतो, परत पुरतो. नारळ फुटतो दाराबाहेरच्या दगडावर. तरी दसऱ्याला ढोल वाजला की माझी मान आक्रसते. तो नवा कसा असेल, कुणी गाल लावला असेल का, असं येतं मनात.

तर पोरा, एवढंच. काढ हात बाहेर. खांबावर चढण्याआधी त्याला गाल लाव, आणि तो कुरकुरला तर कुणी भित्रा म्हटलं तरी खाली उतर.

माझा भुसा रोज थोडा थोडा गळतोय. अंबाबाई झाडून काढते. फार दिवस राहिले नाहीत. दर शनिवारी एक म्हातारा काठी टेकत, पिशवीत नारळ घेऊन ह्या पडवीवरून जातो. इथं आला की थांबतो, माझ्याकडं बघतो, घसा खाकरतो. दर वेळी मला वाटतं, आज म्हणेल. मला खोटा म्हणाला आणि त्याला भित्रा, ते दोन्ही शब्द परत घेईल. धाकलू आतून हाक मारतो, "या वस्ताद, बसा." तो म्हणतो, "नाय, जातो," आणि जातो.

माझी माफी त्याच्याकडंच राहिलीय. येसाजी वस्तादाकडं.