आकृतीची खालची बाजू

सरांनी खडू उचलला आणि तिने कधीच न काढलेला आकृतीचा खालचा अर्धा भाग फळ्यावर काढला.

वरचा अर्धा भाग तिचा होता. किंचित चेपलेलं अर्धवर्तुळ, तिचं कृष्णविवर. एकटं असलं की ते चेंडूसारखं गोल असतं. आसपासच्या ताऱ्यांची ओढ लागली की मात्र त्याचाही आकार बिघडतो, आणि तो नेमका कसा बिघडतो हे मांडण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. खालची बाजू वरच्यासारखीच असणार, मग कशाला काढा, असं ती धरून चालली होती. तशी ती असतेही, ओढ दोन्हीकडून सारखी असेल तर.

"पण तुझी ओढ सारखी कुठाय?" सर म्हणाले. "खालून जास्त आहे. मग हे विवर खाली घसरत का नाही?"

तिने वहीतलं गणित पुन्हा चाळलं.

"तुझ्या गणितात ते जागच्या जागी बसलंय, शहाण्या बाळासारखं. म्हणजे काहीतरी त्याला धरून आहे. विवरातून जाणाऱ्या अक्षाचा वरचा भाग तू गणितात चकचकीत करून घेतलास आणि सगळी गडबड खाली ढकललीस." त्यांनी विवराच्या खालच्या टोकापासून एक सरळ रेघ ओढली. "हा बघ टेकू."

"मला दिसला नाही."

"दिसणार कसा? तू तिकडे बघितलंच नाहीस."

ते रागावले असते तर बरं झालं असतं, रागावलेल्या माणसाशी निदान भांडता येतं. सर मात्र हात झटकून थंड झालेला चहा पिऊ लागले. तिचं तोंड एवढंसं झालेलं बघून त्यांनी कप खाली ठेवला.

"अगं, आभाळ कोसळलं नाही. टेकू आहे तर आहे म्हणून लिहायचं. त्याच्यावर किती भार येतो तेही काढ, तोच खरा निष्कर्ष ठरेल." मग आठवल्यासारखं करून ते म्हणाले, "परदेशातल्या त्या संस्थेने जागा देऊ केलीय, तिला आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय ना? इतकी वर्षं परमुलखात राहायचं म्हणजे घरचंही बघायला हवं."

"घरचं व्यवस्थित आहे. बाबा आता खुर्चीत बसतात. आणि ताई आहेच."

"मग कळवून टाक. कळवलंस की मला सांग."

ती आपल्या टेबलाशी आली. 'हो' एवढंच लिहायचं होतं. तिने ते लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. खिडकी उघडली, वारा नको वाटला म्हणून लावली. ही जागा मिळावी म्हणून तिने जिवाचं रान केलं होतं, आणि आता बोट पाठवायच्या बटणावर जाईना. त्या रेघेने डोक्यात ठाण मांडलं होतं. शेवटी तिने पिशवी खांद्याला लावली आणि सरळ बस पकडली. ताईसमोर बसून पाठवू, तिलाही बरं वाटेल.

बाबांना अर्धांगाचा झटका आल्यापासून ती दर रविवारी घरी जायची. ताईची एकच अट होती, निघताना फोन करायचा. रविवारी बाबा खिडकीशी खुर्चीत ताठ बसलेले असत, गुळगुळीत दाढी केलेली, भांग पाडलेला. ताई त्यांच्या मागे उभी, एक हात त्यांच्या पाठीवर. ती ताईला चिडवायचीही, "राजाचा अंगरक्षक आहेस का तू? बस की जरा." ताई म्हणायची, बसून बसून पाय आखडतात.

आज रविवार नव्हता, आणि फोन करायचाही राहून गेला. तिने आपल्याकडच्या किल्लीने दार उघडलं.

बाबा खिडकीशीच होते. पण त्यांच्या छातीवरून एक जुनी चादर आवळून खुर्चीच्या मागे गाठ मारलेली होती, आणि तरी ते डावीकडे कलले होते. त्या बाजूला ताई गुडघ्यांवर बसली होती. खांदा त्यांच्या बरगडीला लावलेला, मोकळ्या हातात चमचा. तिचे केस तेलकट, गुंतलेले होते. दाराचा आवाज ऐकून ती दचकली, पण खांदा तिने काढला नाही.

"फोन नाही केलास?"

"राहिला." तिची नजर चादरीच्या गाठीवर गेली. "हे कधीपासून?"

"पहिल्यापासूनच. रविवारी चादर काढून ठेवते. तू जाईपर्यंत हाताने निभावतं."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय करणार होते? सगळं सोडून इथे येऊन बसली असतीस. आईसारखी हट्टी तू." ताईने बाबांच्या हनुवटीवरचा ओघळ टिपला. "उत्तर आजच द्यायचंय ना? देऊन टाक. इथलं व्यवस्थित आहे."

बाबांनी नजर दुसरीकडे वळवली. म्हणजे तेही सामील होते. तिला भयंकर लाज वाटली, आणि त्या लाजेतच या दोघांचा रागही आला.

तिने पिशवी दाराशी टाकली. खुर्चीमागे जाऊन बाबांच्या पाठीला हात लावला, दर रविवारी ताईचा असायचा अगदी तिथेच.

"सरक," ती म्हणाली.

ताईने खांदा काढला. सगळा भार एकदम तिच्या मनगटावर आला. तिने दुसराही हात लावला, पाय रोवले. हसतखेळत गप्पा मारत ताई एका हाताने हे पेलत होती, आणि ती स्वतः समोर बसून बाबा सुधारले म्हणून खूश होत होती.

ताई उठून उभी राहिली आणि हातांचं काय करावं हे न कळल्यासारखी थांबली.

"धरशील जरा? डोक्यावरून पाणी घेऊन येते."

"जा."

न्हाणीघराचं दार लागलं. नळ सुटला. दाराशी पिशवीत फोन वाजू लागला. सर असणार, उत्तर विचारायला. तिने एक हात सोडून बघितला. बाबा लगेच कलले. तिने हात परत लावला. फोन वाजत राहिला आणि थांबला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला.

"कुणाचा गं?" ताईने आतून विचारलं. "आले, आले मी."

"कुणाचा नाही," ती म्हणाली. "तू सावकाश ये. केस नीट धू."