गुरुवारची साक्ष

गुरुवारी दुपारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत शिलाई मशिनं सुरू झाली की तिथे एकच कल्ला असायचा. खाटांच्या चादरी दुमडून शिवायच्या, शाळेच्या गणवेशांना काजं करायची, आणि हात चालतो त्याच्या दुप्पट तोंड चालवायचं. "माझी कात्री कोणी ढापली गं?" "तुझ्याच मांडीखाली आहे बघ, आंधळे!" अशी हुज्जत, वर हसणं. दोरा गुंतला की मशिनला शिवी हासडायची, आणि मग नर्सबाईंकडे बघून जीभ चावायची.

नर्सबाई समुद्रापलीकडून मिशनच्या कामासाठी आल्या होत्या. पहिल्या वर्षी भाषा येईना, हवा सोसेना, रोज उठून बॅग भरावीशी वाटे. त्या वेळी त्यांना धरून ठेवलं ते दवाखान्याचं शिवणकाम करणाऱ्या शिंपिणीने. तापात उशाशी बसली, चमच्याने पेज भरवली आणि म्हणाली, "बाई, पळून जायचं तर खुशाल जा. पण आधी बऱ्या व्हा, नाहीतर लोक म्हणतील आम्ही मारलं." नर्सबाई तापातही हसल्या आणि राहिल्या. तेव्हापासून दोघींचं मेतकूट जमलं ते जमलंच. शिंपीण त्यांना भाषा शिकवी, त्या शिंपिणीला वाचायला शिकवत. कोण कोणाची गुरू, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

शिवणाचा वर्ग या दोघींनीच काढला. सुरुवातीला बायका जमायच्या आणि नुसत्या रडायच्या. एकीचा दारुडा नवरा, दुसरीची सासू, तिसरीचं वाया गेलेलं मूल. जाताना सगळ्यांचे चेहरे आल्यापेक्षा उतरलेले असत. मग नर्सबाईंनी एक नियम केला. चहाआधी एकेकीने उभं राहून साक्ष द्यायची, आणि साक्ष म्हणजे प्रभूने आपलं काय भलं केलं ते. रडगाणं नको. एकीचं बळ दुसरीला मिळालं पाहिजे.

खोटं कशाला सांगू, नियमाने जादू केली. ज्या बायका नवऱ्यासमोर मान वर करत नव्हत्या त्या पंधरा जणींसमोर उभ्या राहून बोलू लागल्या. एक धुणंवाली लिहायला शिकली. एकीने बाजारात स्वतःचं दुकान थाटलं. आणि सगळ्यांत गाजली ती शिंपिणीची साक्ष.

"माझे मालक मला मारायचे," ती सांगायची. "मी उलट बोलले नाही. गुडघे टेकले, प्रार्थना केली, गरम गरम वाढलं. आणि प्रभूने त्यांचा हात आवरला." बायका "आमेन!" म्हणत, पदराने डोळे टिपत. परदेशातून पाहुणे आले की चर्चचे पाळकसाहेब तिलाच पुढे करायचे. नर्सबाईंचा ऊर तर असा भरून यायचा की काही विचारू नका. आपण इतक्या दूर आलो त्याचं सार्थक झालं, असं त्यांना वाटे.

बेकरीत पाव भाजणारी पोर दवाखान्यात आली तेव्हा एवढ्या उकाड्यातही तिने लांब बाह्यांचा झगा घातला होता. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. गाल सुजलेला, बरगडीला हात लावू देईना.

"भट्टीचं दार लागलं," ती म्हणाली.

"भट्टीला बोटं असतात का गं?" नर्सबाईंनी विचारलं. गळ्यावर बोटं उमटली होती.

मग मात्र तिचा बांध फुटला. नवरा ट्रक चालवायचा. आला की मारायचा, जाताना मारायचा. "मला परत पाठवू नका, बाई. मी फरशी पुसेन, भांडी घासेन, काहीही करेन. या वेळी तो मला जिवंत ठेवायचा नाही."

दवाखान्याच्या माडीवर एक खोली रिकामी पडली होती. खाट होती, कडी होती. नर्सबाईंनी तिला तिथे ठेवलं. ती बरी होऊ लागली, खाली येऊन पट्ट्या गुंडाळू लागली, एकदा तर गुणगुणतानाही नर्सबाईंनी तिला ऐकलं. तेवढ्यात पाळकसाहेब आले. भला माणूस, आवाज मध लावल्यासारखा.

"बाई, तिचा नवरा माझ्याकडे येऊन ढसाढसा रडला. पश्चात्ताप झालाय त्याला. देवाने जोडलेलं आपण तोडायचं? उद्या लोक म्हणतील, मिशनवाले घरं फोडतात. मग तुमच्या वर्गाला कोण पाठवणार बायका?"

हे शेवटचं नर्सबाईंना लागलं. पंधरा बायकांचं भलं एका पारड्यात आणि एक पोर दुसऱ्या पारड्यात, असं त्यांच्या मनात उभं राहिलं. आणि त्यांना एक गोष्ट सुचली. वाईट हेतूने नव्हे हो, अगदी प्रेमाने सुचली. या पोरीला धीर हवाय ना? मग आपल्याकडे शिंपीण आहे की!

त्या गुरुवारी पोरीला त्यांनी शिंपिणीशेजारी बसवलं. चहाआधी म्हणाल्या, "आज तुझी साक्ष हिच्यासाठी."

शिंपिणीने मशिनचं चाक हाताने थांबवलं. "आज नको, बाई."

"अगं, आता लाजायला काय झालं? शंभरदा सांगितलीस!"

"घसा बसलाय."

"पाणी पी," कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या. "ऊठ गं, भाव खाऊ नकोस!"

शिंपीण उठली. भिंतीकडे बघत तिने ते सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. पोर तिच्या तोंडाकडे टक लावून ऐकत होती.

"खरंच हात आवरला त्यांचा?" तिने विचारलं. "पुन्हा कधीच नाही?"

शिंपिणीने नर्सबाईंकडे पाहिलं. नर्सबाई हसून मान डोलावत होत्या.

"पुन्हा कधीच नाही," शिंपीण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर स्वतःहून खाली आली. गाठोडं बांधलेलं. "मीच उलट बोलायचे हो, बाई. आता तोंड बंद ठेवेन. ताईंना जमलं ते मला का नाही जमणार?" नर्सबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि तिला फाटकापर्यंत सोडलं. वळणावरून तिने मागे बघून हातही केला.

पुढचा गुरुवार यायच्या आत तिला हातगाडीवर घालून आणलं. नवरा सोबत होता. "जिन्यावरून पडली," म्हणाला. तपासायला काही उरलंच नव्हतं. नर्सबाई पोलिसांकडे गेल्या, गळ्यावरच्या बोटांचं सांगितलं. तिथल्या माणसाने विचारलं, "मारताना पाहिलं का कोणी?" पाहिलं होतं सगळ्या गल्लीने. सांगायला कोणी आलं नाही.

मयताला घालायचा पांढरा झगा शिवायला शिंपीण आली. नर्सबाई पोरीला अंघोळ घालत होत्या. मध्येच त्या थांबल्या, ओल्या हातांनी तोंड झाकून रडू लागल्या. "तोंड बंद ठेवते म्हणाली होती गं. ठेवलं असेल. तुझ्यासारखंच सगळं केलं असेल तिने. मग तिच्यावर का नाही दया केली प्रभूने?"

शिंपिणीने झगा बाजूला ठेवला. पोलक्याची बटणं काढली आणि पाठ फिरवली. पाठीवर जुने पिवळे डाग होते, आणि त्यांच्यावर पट्ट्याचे नवे लाल वळ.

नर्सबाईंना आधी कळेचना. मग कळलं.

"कधीपासून?"

"थांबलं कधी होतं?"

"मग... मग साक्ष?"

"पहिल्यांदा सांगितली तेव्हा महिनाभर खरंच मारलं नव्हतं. हात मोडला होता त्याचा, कामावर पडला होता." शिंपीण बटणं लावू लागली. "तुम्ही इतक्या खूश झालात, बाई. मला मिठी मारलीत. सगळ्या टाळ्या पिटायला लागल्या. जन्मात कोणी माझ्यासाठी टाळी वाजवली नव्हती. महिन्याने पुन्हा मार पडला, तर कुठे सांगू? तुमचाच नियम ना, रडगाणं नको."

"मला एकटीला तरी सांगायचंस! मी तुझी कोणीच नव्हते का?"

"तुम्ही बॅग भरली असतीत," शिंपीण म्हणाली. "मला वाटलं, ही बाई माझ्या साक्षीवर इथे टिकून आहे." मग तिचा आवाज फुटला. "त्या दिवशी 'नको' म्हटलं होतं मी. आणखी एकदा म्हणायला हवं होतं. मीच मारलं हिला."

"तू नाही," नर्सबाई म्हणाल्या. "मी मारलं. माडीवर खोली होती माझ्याकडे." दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, पण त्याने कोणाचंच ओझं हलकं झालं नाही. मग उठून त्यांनी पोरीला झगा घातला.

दफनाआधी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी छान भाषण केलं. सहनशील पत्नी, नम्र, आज्ञाधारक. ट्रकवाला पहिल्या बाकावर रुमालात तोंड खुपसून बसला होता आणि पुरुष त्याची पाठ थोपटत होते. "या दुःखात आपल्याला धीर हवा," पाळकसाहेब म्हणाले. "आपली शिंपीणताई साक्ष देईल."

शिंपीण उभी राहिली. तिचा नवरा पुरुषांच्या बाजूला बसला होता. दिसायला साधाच, केस नीट विंचरलेला सुतार.

"मी जी साक्ष देत आले ती खोटी आहे," ती म्हणाली. "माझा नवरा परवासुद्धा मला मारत होता. हे मी आधी सांगितलं असतं तर ही पोर परत गेली नसती."

 मग पाळकसाहेबांनी घाईघाईने गीत सुरू केलं. पुरुष मोठ्याने गाऊ लागले. आणि बायका? ज्या गुरुवारी आमेन म्हणायच्या त्याच बायका, त्याही गाऊ लागल्या. नर्सबाई उभ्या राहून ओरडल्या, "ती खरं बोलतेय! ऐका तिचं!" पण गाण्यापुढे त्यांचा आवाज कुठे पोचणार?

बाहेर आल्यावर धुणंवालीने शिंपिणीला गाठलं. तिचे डोळे लाल झाले होते. "काय मिळालं गं तुला? तुझ्या त्या साक्षीवर दिवस काढत होतो आम्ही. आता कशावर काढायचे?" 

नर्सबाईंनी शिंपिणीचा हात धरला. "चल, माडीवर चल. आत्ताच्या आत्ता."

"पोरं घरी आहेत, बाई. त्याची आई त्यांना सोडायची नाही. आणि पोरांवाचून मी कुठे जाऊ?"

सुतार जवळ येऊन उभा राहिला. "चल," एवढंच म्हणाला. ती चालू लागली. नर्सबाईही चालू लागल्या. त्याने मागे वळून बघितलं आणि तो तसाच पुढे चालत राहिला. वर्गातल्या बायका अंतर ठेवून मागोमाग येत होत्या.

घर म्हणजे एक खोली. कोपऱ्यात रंधा आणि फळ्या, मध्ये खाट, भिंतीला टेकून बसलेली मुलं आणि म्हातारी. कोणी 'या' म्हटलं नाही. नर्सबाई आत शिरल्या आणि खाटेवर बसल्या. शिंपिणीने चूल पेटवली. सुताराने दाराच्या खिळ्याला सदरा अडकवला आणि कमरेच्या पट्ट्याशी हात नेला, मग नर्सबाईंकडे बघून तो खाली सोडला.

"बाई, हा घरचा मामला आहे."

"हो. बसते जरा."

"किती वेळ बसणार?"

"बसते."

तो हसला. रागाने नाही, सहज हसला. "बसा. कधीतरी उठालच."

ते खरं होतं. सकाळी दवाखाना उघडायचा होता, तिथे बाळंतीण यायची होती. जन्मभर कोणी कोणाच्या खाटेवर बसून राहत नाही. नर्सबाईंनी उघड्या दारातून बाहेर पाहिलं. गल्लीत बायका उभ्या होत्या. धुणंवाली होती, दुकानवाली होती, सगळ्याच होत्या.

"मी उठल्यावर कोण येतंय बसायला?" त्यांनी विचारलं.

आवाज साफ होता. गल्लीत गाणं नव्हतं, मशिनं नव्हती, सगळ्यांना नीट ऐकू गेलं. धुणंवालीने पदर सावरला. दुकानवालीने खाली बघितलं. कोणीतरी म्हणालं, घरी स्वयंपाक व्हायचाय. आणि एकेक करून त्या निघून गेल्या.