गुलाबचं रडणं

माहा भाऊ गुलाब खोटं रडण्यात लहानपणापासून पक्का. बाबानं हात उगारला की मार बसायच्या आधीच याचे डोळे भरायचे. तेही आधी एका डोळ्यातून, मग दुसऱ्यातून, पाहणाऱ्याचा जीव तुटावा असं. बाबाचा हात तिथंच थांबायचा. मग मी चुलीपाशी बसून आईले सांगायची, "खोटा रडून राहिला तो. नाक पाह्य त्याचं, कोरडं आहे." गुलाब खरा रडला की पहिले नाक गळते, डोळ्याचं मागून. हे घरात फक्त मलेच समजलं होतं, अन् मले समजलं हे त्यालेही माहीत होतं.

पुढं त्यानं याच कलेवर पोट भरलं. पहिले झाडीपट्टीतल्या नाटकात, दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव. मग मुंबईले पळाला. लय दिवस पत्ता नाही, आई वाटेकडे डोळे लावून बसलेली, अन् एक दिवस पवनीच्या टाकीजमध्ये पडद्यावर दिसला. हवालदार झाला होता. एक वाक्य बोलला अन् मेला. मग ट्रकचा ड्रायव्हर झाला, सरपंच झाला, दारुडा बाप झाला, असं करत करत पडद्यावरच म्हातारा झाला. मग स्वतः पिक्चर काढायला लागला. पेपरात त्याच्या नावामागं 'ज्येष्ठ अभिनेते-दिग्दर्शक' लावतात. मी म्हणते, ज्येष्ठ तर मी आहे. त्याले कडेवर घेऊन फिरवला आहे मी.

त्याचे सगळे पिक्चर मी पाहिले. एकात याचा पोरगा मरते अन् हा मसणवटीत बसून रडते. टाकीजमधल्या साऱ्या बायांचे पदर ओले झाले. बाजूची ललिताबाई मले म्हणे, "पंचफुला, तुले काहीच कसं होत नाही वो?" मी फुटाणे खाऊन राहिली होती. म्हणलं, नाक पाह्य त्याचं.

काम करण्याची त्याची एक पद्धत आहे, ती मले संघपालनं सांगितली होती. संघपाल माहा पोरगा. कॅमेरा एकदा सुरू झाला की 'कट' फक्त गुलाबनं म्हणायचं. पाऊस येवो, कोणी पडो, कॅमेरावाल्यानं थांबायचं नाही. एका पिक्चरमध्ये हिरोईन खरोखर बैलबंडीवरून पडली, हात मोडला बिचारीचा. यानं तिचं ते ओरडणं तसंच ठेवलं. मिळालेलं खरं फेकायचं नाही, म्हणते. तवापर्यंत कधी फेकलं नव्हतं.

माहा नवरा लवकर गेला, तसा संघपालले मामाचाच ध्यास. मामानं ड्रायव्हरच्या कामात घातलेला निळ्या चौकटीचा शर्ट त्याले दिला, तर पोट्टा तो अंगावरून काढेच ना. लग्न झालं, रश्मी घरात आली, तरी सणावाराले तोच शर्ट. खिसा फाटला तेव्हा घरात निळा धागा नव्हता, मी काळ्या धाग्यानं शिवून दिला. रश्मी हसली होती, म्हणे, आई, मामाच्या शर्टाले ठिगळ लावलं तुम्ही.

मग गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं अन् आमचं जुनं गाव खाली गेलं. आता राहतो ते नवीन गाव सरळ गल्ल्यांचं आहे, सावलीले झाड नाही. शेतातली धानाची बांधी गेली तसा संघपाल डोंगा घेऊन मासोळ्या धरायला लागला. एक दिवस जाळं खाली कशात तरी अडकलं, तो सोडवायला उतरला अन् वर आला नाही. काढणारे म्हणाले, मोडक्या छपराच्या लाकडात जाळं गुंतलं होतं. जागा कोणती ते मले समजावून सांगायची गरज नव्हती. तिथं खाली आमचंच घर होतं.

आमच्या घरची रीत अशी, की बहिणीचं लेकरू गेलं तर मामानं येऊन त्याच्या अंगावर पांढरं कापड टाकायचं. मग उचलायचं. मी गुलाबले फोन लावला. तो म्हणे, "बाई, सेट लागला आहे, माणसं उभी आहेत. निघायचं पाहतो." संध्याकाळ होत आली. पोराले किती वेळ ठेवणार. शेवटी जागेश्वर म्हणून शेजारी आहे, त्यानं कापड टाकलं. मागून पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्यालेही गुलाब आला नाही. फोनवर म्हणे, मन घट्ट कर. घट्ट कर म्हणते. मी काय त्याच्या पिक्चरमधली आई होती?

तवापासून मले त्याच्याकडून एकच गोष्ट पायजे होती. मामानं भाच्यासाठी एकदा रडावं. माह्यासमोर, खरं.

तीन साल गेले अन् यंदा तो आला. एकटा नाही, गाड्या भरून माणसं घेऊन. धरणाखाली गेलेल्या गावावर पिक्चर काढून राहिला होता, म्हणे हाच शेवटचा, आता तब्येत साथ देत नाही. पवनीच्या लॉजवर उतरला. पाण्याच्या काठाशी त्यानं कुडाचं घर उभारलं, हुबेहूब आमच्या जुन्या घरासारखं, आईची पाट्याची जागासुद्धा बरोबर. मी पाहतच राहिली. याले सगळं आठवते, मी मनात म्हणलं, तर मग पोराचं नाव काहून नाही काढत?

रोज सांजच्याले माह्या छपरीत येऊन बसायचा. खांद्यावर पांढरा दुपट्टा, हातात चहा. आईचं बोलायचा, बाबाचं बोलायचा, नाटकातल्या जुन्या गमती सांगायचा. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली संघपालचा फोटो आहे, तिकडं पाठ करून बसायचा. रोज तीच खुर्ची, रोज तशीच फिरवून. माह्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण बहीण आहे, गिळलं.

मग एक दिवस म्हणे, "बाई, एक काम करशील काय माहं?"

पिक्चरचा शेवट राहिला होता. गाव सोडायच्या दिवशी म्हातारी दोरीवरचे कपडे काढते, घड्या घालते, गाठोडं बांधते अन् निघते. त्यासाठी मुंबईहून एक मोठी नटी आणली होती. गुलाबले तिचं पसंत पडलं नाही. म्हणे, ती गाठोडं बांधते ते गावाले पाहुणी चालल्यासारखं. तू बांध. तू बांधलेलं आहे.

मी म्हणलं, "मले रडता येत नाही बापा तुह्यासारखं."

"रडू नको ना. कपडे काढ, घडी घाल, बांध. बोलायचंही नाही."

मी हव म्हणलं. काहून म्हणलं ते सांगते. मले वाटलं, त्या घरासमोर मले पाहून तरी याले काही होईल. काम झाल्यावर जवळ येऊन बसेल अन् पोराचं काढेल. एवढ्याच आशेनं मी ते जुनं लुगडं नेसली.

भुपेंद्र नावाचा नागपूरचा कॅमेरावाला होता, भला माणूस. त्यानं मले कुठून चालायचं ते दाखवलं. गुलाब त्याच्या बाजूले स्टुलावर बसला. गुलाबनं हात केला अन् मी दोरीपाशी गेली.

पहिले एक धोतर होतं. मग लुगडं. मग टावेल. प्रत्येक काढला, घडी घालून खांद्यावर टाकला. रोजचंच काम, त्यात काय. टावेलामागं एक शर्ट होता. निळ्या चौकटीचा. मले वाटलं तसलाच कुठला तरी असेल, बाजारात ढीगभर मिळतात. मग वाऱ्यानं खिसा माह्याकडं फिरला अन् काळा धागा दिसला.

माहा हात तिथंच राहिला.

मागून गुलाबचा आवाज आला. हळू, गोड. "काढ बाई. थांबू नको. घे त्याले जवळ."

तेव्हा समजलं. हा शर्ट चुकून आला नव्हता. गुलाबनं टांगला होता. रश्मीनं मागाहून रडत रडत सांगितलं, मामा म्हणाले संघपालचा एखादा कपडा दे, आईले नको सांगू, जीवाले लावून घेईल. तिले वाटलं, मामा आठवण म्हणून नेऊन राहिले. पेटीतून काढून तिनं वरून इस्त्री करून दिला. बिचारीचं काय चुकलं.

मी शर्ट काढला. रडली नाही. वळली अन् सरळ गुलाबकडं चालत गेली. कॅमेरा माह्यासोबत वळत होता, भुपेंद्रले तशीच सवय लावलेली. गुलाबसमोर उभी राहिली.

"हे कोणाचं आहे?"

"बाई, कॅमेरा चालू आहे."

"राहू दे. कोणाचं आहे ते सांग."

तो म्हणे, "माहाच आहे. त्या ड्रायव्हरच्या पिक्चरमधला."

"मग कोणाले देला?"

तो स्टुलावरून उठला. मी म्हणलं, "गुलाब, तुले माहं रडणं पायजे होतं. ते मी लोकांले दाखवत नाही. माह्या पोरासाठी मामाकडलं कापड आलं नाही, त्याले जागेश्वरच्या कापडात नेलं. तू सेटवर होता. आता त्याचा शर्ट दोरीले टांगतो, अन् अजून त्याचं नाव तुह्या तोंडातून निघालं नाही. नाव घे. एकदा घे, मग मी तू म्हणशील ते करून देते."

मग तो म्हणाला, "संघपाल." म्हणताना आवाज फाटला. पुन्हा म्हणाला. "माह्यानं पाहवलं नसतं बाई. म्हणून नाही आलो. सेट-बिट काही नव्हता. त्या दिवशी एका लॉजच्या खोलीत बसून होतो मी."

मी त्याच्या तोंडाकडं पाहून राहिली. डोळे कोरडे होते. मनात म्हणलं, आता एका डोळ्यातून येईल, मग दुसऱ्यातून. पण तसं झालं नाही. त्याचं नाक गळायला लागलं. लहान पोराचं गळते तसं, ओठावर आलं, मिशीत गेलं, अन् त्याचं ध्यान नव्हतं. डोळ्यातलं पाणी त्याच्या मागून आलं. तोंड वाकडं झालं. असं तोंड त्यानं पडद्यावर कधी कोणाले दाखवलं नाही.

माह्या हातून शर्ट घेऊन त्यानं जमिनीवर पसरवला. बाह्या नीट केल्या. मग खांद्यावरचा पांढरा दुपट्टा काढला अन् शर्टावर टाकला, वरून खालपर्यंत. तिथंच मातीत बसला. तेव्हा मी त्याच्या बाजूले बसली अन् रडली. पोराच्या दिवशी रडली नव्हती तेवढी रडली.

कॅमेरा चालूच होता. 'कट' म्हणणारा मातीत बसला होता. शेवटी गुलाबनं हात वर केला तेव्हा भुपेंद्रनं बंद केला. त्याचेही डोळे लाल झालेले. जवळ येऊन म्हणे, "सर, असा शॉट मी जिंदगीत घेतला नाही. अवॉर्ड आहे हा."

गुलाबनं बाहीनं नाक पुसलं. म्हणे, "पुसून टाक."

"काय, सर?"

"आताचं सगळं पुसून टाक. माझ्यासमोर."

भुपेंद्र माह्याकडं पाहायला लागला, की म्हातारी काही बोलेल. गुलाब उठून त्याच्या पाठीमागं उभा राहिला अन् पुसेपर्यंत हलला नाही. मग येऊन त्यानं शर्ट दुपट्ट्यासकट उचलला अन् माह्या घरी आणून पेटीत ठेवला. त्या सांजी त्यानं खुर्ची फोटोकडं फिरवली.

पिक्चर लागला तेव्हा आम्ही सारे भंडाऱ्याले जाऊन पाहिला. शेवटी ती मुंबईची नटीच कपडे काढते, पाहुणी चालल्यासारखं गाठोडं बांधते अन् निघून जाते. दोरीवर टावेलानंतर एका कपड्याची जागा मोकळी सोडली आहे, कशासाठी ते कोणाले कळत नाही. बक्षीस मिळालं नाही. पेपरात आलं, की साऱ्या पिक्चरमध्ये जीव आहे, पण शेवट कच्चा राहिला, गुलाबरावांचं वय झालं. रश्मीनं वाचून दाखवलं अन् तिले राग आला.

मी म्हणलं, हव, कच्चा आहे. पक्का होता तो आमच्या घरी आहे, पेटीत.