अठ्ठावीस डॉक्टर आणि एक गुडघा

ते साल १९८८. फेब्रुवारी महिना, इंडियानापोलिसमध्ये रस्त्याकडेला साचून काळा पडलेला बर्फ, आणि आमच्या हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी ओळीनं उभ्या बसगाड्या. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचे अठ्ठावीस संघ दर एप्रिलमध्ये कॉलेजातली पोरं निवडून घेत. त्याआधी फेब्रुवारीत आठवडाभर ती सगळी पोरं आमच्या गावात आणून त्यांची वजनं घेत, मापं काढत, पळवत, उड्या मारायला लावत. हाडं आणि सांधे तपासायचं काम आमच्याकडे असे. मी एक्स-रे विभागात होते.

मला ते काम फार आवडायचं. मी शिकले तेव्हा अंधाऱ्या खोलीत ओली फिल्म वर उचलली की औषधाच्या उग्र वासात हळूहळू कुणाचं तरी हाड उमटायचं. खेळही आवडायचा. धाकटा भाऊ शाळेच्या संघात होता तेव्हा दर शुक्रवारी संध्याकाळी भाजलेल्या शेंगदाण्यांची पिशवी घेऊन मी लाकडी पायऱ्यांवर बसून घसा बसेपर्यंत ओरडायची. तो काळ गेला, आणि तो या आठवड्यानंच नेला असं मला वाटतं.

माझा नवरा रॉस्को ही मापं काढत त्या सभागृहात खुर्च्या मांडायच्या कामावर होता. पहिल्या दिवशी तो घरी आला आणि ताटावरून उठला.

"नुसत्या चड्डीवर चालवतात गं त्यांना मंचावर," तो म्हणाला. "खाली तीनशे माणसं वह्या घेऊन. एक जण उंची ओरडतो, एक जण वजन. तिसरा पंजा पसरायला लावून इंच मोजतो. माझ्या शेजारचा म्हातारा म्हणतो कसा, मांड्या चांगल्या आहेत, पण बोटं आखूड."

माझे वडील गावच्या जनावरांच्या बाजारात डुकरांच्या गोठ्यावर होते. तिथं सरकारी डॉक्टरनं जनावर पाहून शिक्का मारला की दुसरं गिऱ्हाईक त्याचं तंगडं ओढून बघत नसे. इथं तेवढीही रीत नव्हती. एका संघाच्या डॉक्टरनं सांगितलेलं दुसऱ्याला चालत नसे. सात खोल्या, एकेका खोलीत चार संघांचे डॉक्टर, आणि प्रत्येक जण तोच सांधा स्वतःच्या हातानं ओढून पाही.

लेम्युएल गॅस्किन अलाबामातल्या एका लहानशा कॉलेजातून आला होता. बावीस वर्षांचा, बचावफळीत खेळणारा. सदऱ्यावर २१४ आकडा चिकटवलेला. उजव्या गुडघ्यावर शाळेत असताना झालेल्या ऑपरेशनचा व्रण होता. तो निवडीच्या पहिल्या फेरीत जाईल असं सगळे म्हणत होते, गुडघा ठीक निघाला तर. सकाळी आठ वाजता तो माझ्या टेबलावर पाय पसरून बसला. दक्षिणेकडच्या पोरांच्या रीतीनं तो लग्न झालेल्या बाईलाही मिस म्हणे.

"मिस वर्ना, फोटोत चांगला दिसेन ना? आईला पाठवायचाय."

"हाडं दिसतील बाळा. उगाच दात काढू नकोस."

फोटो स्वच्छ आला. फिल्म घेऊन मी त्याच्याबरोबर पहिल्या खोलीत गेले. डॉक्टरनं त्याला झोपवलं, गुडघा दुमडला, त्याच्या पावलावर बूड टेकलं आणि नडगी दोन्ही हातांनी धरून हिसका दिला. "दगड आहे," तो म्हणाला. मग दुसऱ्यानं हिसका दिला, मग तिसऱ्यानं, मग चौथ्यानं. चौघांनीही तेच लिहिलं.

चौथ्या खोलीतून बाहेर आला तेव्हा तो भिंतीला हात लावून चालत होता.

"दुखतंय म्हणून सांग की त्यांना," मी म्हणाले.

"मग 'दुखतो' असं लिहितील."

"नको म्हण सरळ. पुरे म्हण."

"मग 'ऐकत नाही' असं लिहितील. तुम्ही इतकी वर्षं इथं आहात, मिस वर्ना, मीच तुम्हाला शिकवू?" तो हसला, पण कपाळावर घाम होता.

शेवटच्या खोलीत दुपारचे दोन वाजले. डॉक्टर हॅलोरन मांसाचं सँडविच खात होता. ते त्यानं कागदावर ठेवलं, मोहरीची पिवळी बोटं पँटला पुसली आणि नडगी धरली. तीनदा हिसकली. गुडघा तोवर खरबुजासारखा झाला होता.

"सैल आहे," तो म्हणाला. "आत पाणी झालंय. या, तुम्हीही बघा."

उरलेल्या तिघांनी बघितलं.

"डॉक्टर, सकाळी सूज नव्हती," मी म्हणाले. "पहिल्या खोलीत गुडघा घट्ट होता. दिवसभर चोवीस जणांनी ओढलाय."

"बाई, तुम्ही फोटो काढा."

"ते काढलेत. म्हणूनच सांगतेय."

"मग त्या चोवीस जणांकडे तक्रार करा," तो म्हणाला, आणि तिघं हसले. त्यानं सँडविच उचललं. त्याच पिवळ्या बोटांनी कागदावर 'सैल' लिहिलं.

"राहू द्या, मिस वर्ना," लेम्युएल छताकडे बघत म्हणाला.

मी माझ्या विभागात परतले.  मग एकेका संघाला जायच्या त्याच्या फोटोंच्या अठ्ठावीस पाकिटांवर लाल पेन्सिलीनं लिहिलं: सकाळी आठ, सूज नाही. दुपारी दोन, सूज. मध्ये चोवीस तपासण्या. त्याबद्दल मला लेखी समज मिळाली.

दुसऱ्या दिवशी लेम्युएल गुडघ्याला पट्टी बांधून चाळीस यार्ड पळाला. रॉस्को दारात उभा होता. अर्ध्या वाटेतच माणसांनी वेळ मोजायची घड्याळं खिशात टाकली, असं तो म्हणाला.

एप्रिलमध्ये दोन दिवस निवड चालली. बारा फेऱ्या, तीनशेच्या वर नावं. त्यांत त्याचं नाव नव्हतं.

मे महिन्यात एका संघाच्या कार्यालयातून मला फोन आला. "पाकिटावरचं ते लाल अक्षरातलं खरं आहे का?"

"खरं आहे. फेब्रुवारीतही खरंच होतं."

"आम्ही पाकिटं आत्ता उघडली," तो माणूस म्हणाला.

त्यांनी लेम्युएलला सरावाला बोलावलं. तोवर सूज पार उतरली होती. पहिल्याच सकाळी त्यांच्या दोन डॉक्टरांनी त्याला टेबलावर झोपवून नडगी ओढली. यावेळी आत काहीतरी खरंच तुटलं. आठवड्यात तो घरी परतला.

डॉक्टर हॅलोरन आपल्या संघाबरोबर एकोणीस वर्षं राहिला. संघ अजिंक्य ठरला त्या साली खेळाडूंसारखी अंगठी त्यालाही मिळाली. रॉस्कोनं सभागृहाची नोकरी सोडून शाळेची बस चालवली. तो २००३ साली गेला. मी १९८९च्या फेब्रुवारीपासूनच त्या आठवड्याची रजा टाकायला लागले, निवृत्त होईपर्यंत.

लेम्युएल आपल्या गावच्या शाळेत भूगोल शिकवतो आणि पोरांना फुटबॉलही. एक्कावन्नाव्या वर्षी त्याचा गुडघा बदलला. दर नाताळला त्याचं पत्र येतं. गेल्या खेपेला त्यानं लिहिलं, की कॉलेजवाले मागतात म्हणून तोही आता पोरांना रांगेत उभं करतो आणि त्यांचे पंजे मोजून आकडे कळवतो. त्या पत्राला मी अजून उत्तर दिलेलं नाही.