भोळेकाकूंच्या घरी ठेवलेलं प्रस्थान

माझं प्रस्थान भोळेकाकूंच्या शोकेसवर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये बर्फ पडला.

जळगावात तेव्हा मे महिना होता. गॅलरीच्या कठड्याला हात लावला तर चटका बसायचा. मी दूध घ्यायला दार उघडलं, तर समोरच्या दारात काकू स्वेटर घालून उंबरठ्यावरचा बर्फ खराट्याने बाहेर लोटत होत्या. जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत जाईस्तोवर त्याचं पाणी होत होतं.

"फ्रिज बंदच करून टाकला बाई," त्या म्हणाल्या. "दूध नुसतं ओट्यावर ठेवलं तरी राहतं."

प्रस्थान ठेवायची कल्पना प्रमिलाआत्याची. माझं विमान ज्या दिवशी होतं तो दिवस पंचांगात चांगला नव्हता. अशा वेळी आधीचा एखादा चांगला मुहूर्त बघतात आणि जाणाऱ्याची एक वस्तू, थोडे तांदूळ आणि सुपारी फडक्यात बांधून शेजारच्या घरी नेऊन ठेवतात. तेवढ्याने माणूस निघाला असं धरतात. मग प्रत्यक्षात तो केव्हाही निघू दे. जाताना वाटेत ती पुरचुंडी उचलायची. एकदा ठेवलेली वस्तू परत घरात आणायची नाही, हा त्यातला मुख्य नियम. बहुतेक लोक रुमाल ठेवतात. पप्पांनी माझा पासपोर्ट ठेवला. त्यांचं म्हणणं असं की, निघायचं खरं तर त्यालाच आहे, बाकी सगळं त्याचं सामान.

मी वनस्पतिशास्त्र शिकले आहे. दगडफुलावर काम करायला मला लांबच्या एका थंड देशातून बोलावणं आलं होतं. तिथे ते खडकांवर, कौलांवर आणि फार दिवस उभ्या असलेल्या गाड्यांवरही वाढतं. आत्याला हे पटलं नव्हतं. दगडफूल बघायला समुद्र कशाला ओलांडायचा, आपल्या काळ्या मसाल्यात आहे की, असं ती आल्यागेल्याला सांगायची. आमच्या ओळखीत कोणीही त्या देशाला गेलेलं नव्हतं. पप्पांनी नकाशाच्या पुस्तकात तो शोधला तेव्हा तो दोन पानांच्या मधल्या शिवणीत गेलेला निघाला. त्यामुळे काकूंच्या घरातला बर्फ बघून मला बरं वाटलं. तयारी घरच्या घरी करता येणार होती.

मी थर्मामीटर घेऊन आले. जिन्याच्या चौकात, आमच्या आणि त्यांच्या दाराच्या बरोबर मध्ये, फरशीवर एक लाल रेघ होती. रेघेच्या अलीकडे पारा उन्हाळ्यात होता आणि पलीकडे शून्याखाली. मध्ये काहीच नव्हतं. हे मला फार आवडलं. सहसा तापमान असं एका जागी बदलत नाही.

रेघेपलीकडे काकूंचा चपलांचा स्टँड आडवा केलेला होता आणि त्यामागे भोळेकाका माकडटोपी घालून बसले होते. काका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. सोसायटीचा शिक्का आणि शाईचा पॅड त्यांच्यापुढे होता. मी गुड मॉर्निंग म्हटलं. त्यांनी त्या देशाच्या भाषेत माझं नाव विचारलं. मी त्या भाषेचे पहिले काही धडे केले होते आणि काका नेमके तेवढेच धडे बोलत होते, त्यामुळे अडचण आली नाही.

"माझं नाव हर्षाली फेगडे," मी म्हणाले.

"पासपोर्ट."

मी त्यांच्या मागे बोट दाखवलं. शोकेसवर, बाहुलीच्या आणि ट्रॉफीच्या मध्ये, लाल फडक्यातली पुरचुंडी दिसत होती.

"तो काल आला, रीतसर," काका म्हणाले. "तुम्ही कधी येणार?"

काकूंना माझी दया आली. त्या म्हणाल्या, मी पटकन उचलून देते, हे ड्युटीवर असले की असंच करतात. पण आमच्या घरातून आत्या ओरडली की प्रस्थान माघारी आणायचं नसतं. काकांनीही मान हलवली. व्हिसा एकाच प्रवेशाचा होता. पासपोर्ट एकदा बाहेर आला की परत आत जाऊ शकणार नव्हता. आमच्या सोसायटीत आत्या आणि काका यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होण्याची ती पहिलीच वेळ.

म्हणजे पासपोर्टपर्यंत पोचायचं तर पासपोर्ट लागणार होता, आणि विमान अगदी आठवड्यावर आलं होतं.

पुढच्या सकाळी देश आमच्या हॉलमध्ये आला. आमची आणि भोळ्यांची भिंत सामाईक आहे, त्यामुळे त्याला फार वळसा पडला नाही. पप्पा खुर्चीत पेपर वाचत होते, त्यांच्या पेपरावर बर्फ साचला. ते मधूनमधून तो झटकायचे आणि पुढे वाचायचे. लाल रेघ आता हॉल आणि बेडरूमच्या मध्ये होती, आणि काकांचा चपलांचा स्टँडही रेघेबरोबर आत आला होता. मी पप्पांना चहा द्यायला निघाले तर काकांनी हात आडवा केला.

मी विचारलं, पप्पांकडे तरी कुठे पासपोर्ट आहे?

"ते कुठे निघालेत?" काका म्हणाले. "ते घरातच बसलेत. तुम्ही निघालेल्या आहात."

मी यावर बराच विचार केला आणि यात चूक सापडली नाही. पंचांगाप्रमाणे मी बुधवारीच निघाले होते. जे घरात होते त्यांच्याकडे देश आपणहून येत होता. मला मात्र त्याच्याकडे जावं लागणार होतं.

त्यानंतर मी मागे मागे सरकत गेले. हॉल गेला, मग बेडरूम, मग बाथरूमची बोळ. जे हातातून जात होतं ते दिसत मात्र होतं, आणि बघण्यासारखंही होतं. हॉलमधली प्लगची भोकं चपटी झाली. मिक्सरची पिन बसेना, तेव्हा मी विकत आणलेला अडॅप्टर आत्याने लावला आणि शेंगदाण्याची चटणी केली. अडॅप्टर चालतो हे त्यातून कळलं. हॉलमध्ये सकाळ असायची तेव्हा स्वयंपाकघरात दुपार व्हायची. पप्पांचा नाश्ता आणि आमचा तिसऱ्या प्रहरचा चहा एकाच ट्रेमधून जायचा. पप्पा घरात उजव्या बाजूने चालायला लागले. सोफ्याला वळसा घालायचा झाला तरी थांबून दोन्हीकडे बघायचे.

आत्या तर रुळूनच गेली. माझे लोकरीचे मोजे, माझी कानटोपी आणि एकावर एक घालायचे माझे तीनही थर तिने चढवले. मी आठवण करून दिली की ते माझ्या बॅगेतले आहेत. ती म्हणाली, "मग? वापरून बघायला नको? उद्या तिकडे जाऊन गारठलीस तर म्हणशील, आत्याने सांगितलं नाही."

एके सकाळी सोफ्याच्या हातावर दगडफूल उगवलं. राखाडी हिरवं, कडा कुरळ्या, मधे वाट्यांसारखे बारीक गोल. मी स्वयंपाकघराच्या दारात गुडघ्यांवर बसून भिंगातून बघायचा प्रयत्न केला, पण अंतर फार होतं. ते कोणत्या जातीचं आहे ते ओळखू येईना. आत्याने कालथ्याने त्याचा तुकडा काढला आणि रेघेच्या अगदी कडेला धरला. अलीकडे आला असता तर काकांनी जप्त केला असता.

"वास काढ," ती म्हणाली. "डब्यातलंच आहे. मी सांगत नव्हते?"

वास डब्यातल्यासारखा नव्हता. ओल्या दगडासारखा होता. तो वास आल्यावर मला त्या देशात जायचं आहे हे इतकं स्वच्छ कळलं की मी काही वेळ उठलेच नाही.

आता फक्त स्वयंपाकघर उरलं होतं. तिथे मी होते, माझी बॅग होती आणि मम्मी होती.

मम्मी त्या देशात एकदाही गेली नव्हती. तिला कोणी अडवलं नसतं. हॉलमधून कोणी काही मागितलं तर ती रेघेवरून हात लांब करून द्यायची आणि पाऊल अलीकडेच ठेवायची. देश सुरू झाल्यापासून तिने गॅस बंद केला नव्हता. आधी भाजणी भाजली, मग मेतकुटाच्या डाळी, मग डिंकाच्या लाडवांसाठी कणीक. बॅग भरली. मी चेन लावून तिच्यावर बसले. मम्मी भाजतच राहिली. मी रेघेजवळच्या फरशीचं तापमान मधूनमधून घेत होते, त्यामुळे मला कळलं होतं की देश शेगडीच्या उबेपर्यंत येतो आणि तिथे थांबतो. मम्मीकडे थर्मामीटर नव्हता, पण तिलाही ते कळलं असावं, कारण रेघ जरा पुढे सरकली की ती दुसरी शेगडी पेटवायची.

ओट्याच्या कोपऱ्यात, शेगडीला लागून, एका वाटीत तिने दही विरजलं होतं. आमच्याकडे घरातून बाहेरगावी निघणाऱ्याच्या तळहातावर दही घालतात. ते चाटायचं आणि मागे न बघता निघायचं. वाटीवर झाकण होतं आणि झाकणावर दुपट्टा होता.

त्या देशाच्या सूचनांमध्ये दूध आणि दुधाचे पदार्थ आणू नयेत असं ठळक अक्षरात होतं. मी ते मम्मीला वाचून दाखवलं होतं आणि तिने बॅगेतले पेढे काढूनही ठेवले होते. दह्याबद्दल मी बोलले नाही, तीही बोलली नाही.

विमानाच्या दिवशी सकाळी काकांचा स्टँड स्वयंपाकघराच्या दारात होता. रेघेबरोबर शोकेसही सरकत आली होती आणि आता काकांच्या पाठीला टेकून उभी होती. लाल पुरचुंडी माझ्यापासून काही पावलांवर होती. मला एवढंच करायचं होतं की जागा सोडायची नाही. मी जायची गरज नव्हती, देश येत होता. फक्त शेगडी पेटलेली होती.

पप्पांनी हॉलमधून विचारलं की रिक्षा बोलवू का. त्यांच्याकडे अजून उजाडत होतं. आत्या म्हणाली, बोलवा, पण उजव्या बाजूने यायला सांगा.

"मम्मी," मी म्हणाले, "गॅस बंद करावा लागेल."

ती कढईत रवा परतत होती. बॅगेत आता रव्याला जागा नव्हती, आणि त्याचं काय करायचं ते ठरलंही नव्हतं.

"दही लागू दे," ती म्हणाली.

मी थांबले. काकाही थांबले. त्यांनी पॅडचं झाकण उघडून ठेवलं होतं. थंडीने शाईवर पापुद्रा येत होता आणि ते तो नखाने काढत होते. काकू त्यांच्यामागून डोकावल्या. त्या दर सोमवारी मम्मीकडून विरजण नेतात, त्यांच्याकडचं दही कधीच नीट लागत नाही. त्यांनी हळूच विचारलं की लागलं का. मम्मीने दुपट्टा काढला, झाकण उचललं, वाटी जराशी तिरकी केली. दही जागचं हललं नाही.

"लागलं," ती म्हणाली, आणि तिने आधी एक शेगडी बंद केली, मग दुसरी.

रेघ निघाली. फरशा एकेक करून पांढऱ्या होत होत्या. माठ गेला, पोळपाट गेला, कढईतला रवा कढईसकट पलीकडे गेला. मी बॅग जवळ ओढली. रेघ मम्मीच्या टाचांखालून पुढे आली आणि मम्मी त्या देशात उभी राहिली. तिचे खांदे एकदा शहारले. तिने पदर अंगाभोवती घेतला, इकडेतिकडे पाहिलं, आणि बरी मोकळी हवा आहे असं काकूंना सांगितलं. ते तिने त्या देशाच्या भाषेत सांगितलं. तो माझा झालेला धडा नव्हता, पण मला समजलं.

आता माझ्या पायांखालची फरशी तेवढी राहिली होती, मग तीही अर्धीच. बॅग पलीकडे गेली. मी टाचा उचलल्या आणि चवड्यांवर उभी राहिले. काकांनी पुरचुंडी सोडली. तांदूळ आणि सुपारी बाजूला ठेवून त्यांनी पासपोर्ट उघडला, कोरं पान काढलं, शिक्का पॅडवर टेकवला आणि वर धरला.

"हात पुढे कर," मम्मी म्हणाली.

मी उजवा हात रेघेच्या अलीकडेच धरला. तिने पलीकडून चमचा आणला आणि माझ्या तळहातावर दही घातलं. ते कोमट होतं. घर आता तेवढंच होतं.

"दुधाचं काही सोबत आहे का?" काकांनी विचारलं.

खोटं सांगायची मला सवय नाही. मी हो म्हणाले.

काका स्टँडवरून पुढे झुकले. मम्मी, पप्पा, आत्या आणि काकू, सगळे त्यांच्या बाजूने माझ्या हाताकडे बघत होते. आत्याने माझी कानटोपी काढून हातात घेतली होती. छताखालून बर्फाचा एक कण सावकाश खाली आला आणि दह्यावर बसला. वितळला नाही. मग दुसरा आला, मग पुष्कळ आले, पांढऱ्यावर पांढरे. काकांनी चष्मा वर केला आणि माझ्या तळहातावर इतके वाकले की त्यांच्या श्वासाची वाफ मला लागली.

"यातलं तुमचं कोणतं?" त्यांनी विचारलं.

शिक्का अजून वरच होता. मी तळहात तोंडाशी नेला आणि जीभ बाहेर काढली.