भाऊजींना विचारून

शुक्रवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी सगुणाबाईंनी मुलाच्या खटल्याचे कागद दुसऱ्या वकिलापुढे ठेवले. शेवंतीची रोपं आणायला नाशिकला जाते, असं त्या घरी सांगून आल्या होत्या. सोबत मुलगी चैताली होती.

मुलगा समाधान, वय तेवीस, खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात. मळ्याच्या वाटेवर झालेल्या मारामारीत एक माणूस मेला होता. समाधान तेव्हा फुलबाजारात होता, असं घरच्यांचं म्हणणं. त्याचे वकील गोरक्ष हे सगुणाबाईंचे चुलत दीर. भावकीतलं काम म्हणून त्यांनी फी घेतली नव्हती. त्यामुळे तीन महिने त्यांना कोणी काही विचारलंही नव्हतं.

अ‍ॅडव्होकेट तेजस्विनी यांनी कागद वाचले. कॅलेंडरवर पेन्सिल टेकवत दिवस मोजले. मग पुन्हा मोजले.

"मावशी, पोलिसांचं दोषारोपपत्र आलं का कोर्टात?"

"भाऊजी म्हणले, अजून नाय. म्हणून तर थांबलोय."

"थांबायचं नव्हतं. नव्वद दिवसांत ते आलं नाही, तर जामीन हा त्याचा हक्क आहे. नव्वद काल भरले. पण आपला अर्ज आधी जायला हवा. ते आधी आलं तर हक्क गेला. मी आत्ता लिहिते."

"भाऊजींना न विचारता?"

"त्यांचं ना-हरकत पत्र मागाहून देऊ. कोर्टाला तशी विनंती करते."

सगुणाबाईंनी कागद आपल्याकडे ओढले. "फुकट लढतोय तो माणूस. त्याच्या पाठीमागं दुसरा वकील उभा केला, तर भावकीत तोंड दाखवायला जागा नाय."

"आई, लग्नाच्या पत्रिका वाटायला आलोय का आपण?" चैताली म्हणाली. "आधी भावकीला, मग गावाला?"

"तू गप बस."

गोरक्ष घोटीला साखरपुड्याला गेले होते. तेजस्विनींनी अर्ज टाइप करून ठेवला. सगुणाबाई बाहेरच्या बाकावर बसून फोन लावत राहिल्या. पावणेचारला, बाराव्या वेळी, तो उचलला गेला. मागे बँड वाजत होता.

"काय वहिनी, जेवण झालं का?"

"भाऊजी, इथल्या वकीलबाई सांगताय, आज एक्क्याण्णवावा दिवस हे."

फोनमधला बँड लांब गेला.

"कोणी मोजले?" गोरक्षांनी विचारलं. मग आवाज बदलला. "टाका म्हणा अर्ज. लगेच टाका म्हणा."

चार वाजून दहा मिनिटांनी अर्ज कोर्टाच्या खिडकीत गेला. लिपिकाने शिक्का मारला. त्याच्या टेबलावर दोऱ्याने बांधलेला जाड गठ्ठा होता. वरच्या पानावर समाधानचं नाव होतं.

"हे कधी आलं?" तेजस्विनींनी विचारलं.

"आजच."

"किती वाजता?"

लिपिकाने दोन्ही शिक्के दाखवले. दोन्हींवर तारीख होती. वेळ नव्हती.

सोमवारी सरकारी वकिलांनी सांगितलं, दोषारोपपत्र साडेतीनला दाखल झालं. तेजस्विनींनी त्याची नोंद मागितली. आधी काय दाखल झालं, याचा न्यायाधीशांनी कोर्टाच्या कार्यालयाकडून अहवाल मागवला. गोरक्ष उशिरा आले, मागच्या बाकाजवळ उभे राहिले. सगुणाबाईंनी पदर सावरला आणि सरकून त्यांना जागा दिली. चैताली उठून बाहेर गेली.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत अहवाल आलेला नव्हता. समाधान तुरुंगात आहे. हा सत्त्याण्णवावा दिवस.